कठड्यावरचा हात

१

झोपलेल्या बाळांचे झटके मोजणं हे माझं काम. अकरा वर्षं झाली. कुणी विचारलं तर मी नुसतं 'दवाखान्यात असते' म्हणते. खरं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग आपल्या नातवाचं काहीतरी विचारत बसतात.

बाळ गाढ झोपलं की पापण्यांखाली डोळे फिरायला लागतात आणि मग मधूनच एखादं बोट टुणकन हलतं. थोड्या वेळानं अंगठा, मग पायाची करंगळी. आयांना वाटतं स्वप्न पडतंय. आमच्या मोठ्या डॉक्टर म्हणतात, शाळा भरलीये. मेंदू एकाच स्नायूला हळूच ढकलतो आणि उत्तर कुठून येतं ते ऐकत बसतो. नव्या घरात राहायला गेल्यावर आपण एकेक बटण दाबून कुठला दिवा लागतो ते बघतो ना, तसं. जागेपणी सगळं अंग एकदम हलत असतं, त्या गोंगाटात काही कळत नाही. झोपेत बाकी सगळं गप्प असतं म्हणून कळतं की हा अंगठा, आणि हा माझा. जे झोपेत आधी हलतं ते महिन्या-दोन महिन्यांनी जागेपणी कामाला लागतं.

आमच्या खोलीत एक खाट, एक कॅमेरा आणि बाळाच्या डोक्याला घालायची तारांची टोपी. नंतर शेजारच्या खोलीत मी पडद्यासमोर बसते. उजव्या हातात काउंटर असतो. झटका दिसला की अंगठ्यानं बटण दाबायचं, टिक. पडद्याच्या खालच्या पट्टीत टोपीची रेघ सरकत असते. झटक्यानंतर तिच्यात जो उंचवटा येतो त्याला आम्ही 'उत्तर' म्हणतो. मोजताना त्या पट्टीवर पुठ्ठा लावून ठेवायचा असा नियम आहे. उत्तर दिसलं की माणसाला झटकाही दिसायला लागतो, नसला तरी. दुसरा नियम, कॅमेऱ्यात बाळाशिवाय कुणाचं काही येऊ द्यायचं नाही. आणि तिसरा, दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि पत्रकं देईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही.

दुसरे मोजणारे म्हणजे मास्तर. शाळेत कवायत शिकवायचे, निवृत्त झाल्यावर इथे आले. तीस वर्षं पोरांचे हातपाय एका रेषेत येतात का ते बघितलेला माणूस. जे दिसेल ते लिहितात, आणि जे लिहितात त्यात कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

२

माझ्या धाकट्या भावाची मुलगी ठमी. खरं नाव छान आहे, पण तिला हाक ठमी म्हणूनच मारतात. जन्माच्या वेळी तिचा खांदा अडकला, ओढाताणीत नस ताणली गेली आणि उजवा हात तसाच राहिला. कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा तो अंगाशेजारी पडलेला असायचा. वहिनी रोज त्या हाताला तेल चोळायची आणि त्याच्याशी बोलायची. ठमीशी नाही, हाताशी.

शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "चौथ्या महिन्यात झोपेतले झटके बघून घ्या. उजव्या हातात झटके असले तर नस जिवंत आहे, थांबू. नसले तर आठव्या महिन्याच्या आत नस जोडून घ्यावी लागेल. त्यानंतर उपयोग नाही."

आणि झटके मोजणारी घरातलीच.

"तुम्हाला जमेल ना?" मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं होतं. "भाची आहे तुमची."

"पत्रकावर नाव नसतं, नंबर असतो," मी म्हटलं. "एकेचाळीस."

मला वाटलं होतं की जमेल. मी फारशी हळवी नाही. एकटी राहते, स्वतःपुरतं करते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. धाकटा म्हणतो की ताईचं काळीज फ्रिजमध्ये असतं.

३

सकाळी साडेदहाची झोप. टोपी घातली, तारा लावल्या, वहिनी बाहेर बसली. ठमी काही झोपेना. रडायची, थांबायची, परत रडायची. शेवटी मी खाटेशेजारी स्टूल ओढलं आणि उजवा हात कठड्यावर ठेवला. नुसता ठेवला. तिनं त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग झोपली.

हात काढला की डोळे उघडायची. म्हणून मी ठेवला. कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात येत असणार हे मला माहीत होतं, पण बाळ झोपलंच नाही तर मोजणार काय, डोंबल?

पन्नास मिनिटं मी हलले नाही. हे मी शपथेवर सांगू शकते, माझ्या कामात न हलणं हाच अर्धा पगार आहे. शेवटी हाताला मुंग्या आल्या. ठमी उठली, मी हात झटकला, मुंग्या गेल्या. नंतर डबा उघडताना लक्षात आलं की मुंग्यांबरोबर आणखीही काहीतरी गेलंय. झाकण थंड आहे की गरम ते डाव्या हातानं बघावं लागलं.

४

दुपारी मोजायला बसले. डावा हात एकतीस, दोन्ही पाय मिळून पंचेचाळीस. उजवा हात शून्य.

परत बघितलं. शून्य. तिसऱ्यांदा हळू करून बघितलं. खांदा नाही, कोपर नाही, बोटं नाहीत. तेल चोळून चमकणारा तो इवलासा तळवा, आणि शून्य.

मग मी पुठ्ठा काढला.

अकरा वर्षांत एकदाही काढला नव्हता. खालच्या रेघेत, उजव्या हाताच्या जागी, तेवीस उत्तरं होती. स्वच्छ, ठसठशीत. चांगल्या धडधाकट बाळाची असावीत तशी. ठमीच्या मेंदूला पन्नास मिनिटांत तेवीस वेळा कळलं होतं की उजवा हात हलला.

मी स्वतःला शहाणी समजते. उत्तर आहे म्हणजे झटका असणारच, फार बारीक असेल, मला दिसला नसेल. असा विचार केला, काउंटर उचलला आणि प्रत्येक उत्तराला एक टिक दिली. तेवीस. त्यातले चार-पाच तर मला शेवटी दिसलेसुद्धा.

संध्याकाळी धाकट्याला फोन केला. मागून वहिनीचा हुंदका ऐकू आला आणि मग ती हसायला लागली. शस्त्रक्रिया पुढे ढकलली.

५

मास्तरांचं पत्रक चार दिवसांनी आलं. डावा हात तीस, पाय चव्वेचाळीस, उजवा हात शून्य. खाली शेऱ्यात त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं : 'कठड्यावरचा हात – तेवीस. हा मोजायचा का?'

मोठ्या डॉक्टरांनी आकडे बघितले, खालची रेघ बघितली. "उत्तरं आहेत ना? मग तुमचंच बरोबर. मास्तरांचे डोळे गेले आता." शेरे वाचायला कुणाला वेळ असतो?

मी मास्तरांना गाठलं. ते चहात बिस्कीट बुडवत होते.

"मास्तर, कठड्यावर माझा हात होता. तो मी हलवलेला नाही."

"हलवला असं कुठं लिहिलंय मी? झटके लिहिलेत. बाई, हलवणं वेगळं आणि झटका वेगळा, हे मी तुम्हाला सांगू?"

"मी जागी होते, मास्तर."

"मग मला काय विचारता? ज्यानं झोपेत हलवला त्याला विचारा." बिस्कीट तुटून चहात पडलं. ते त्याकडेच बघत राहिले.

मी परत जाऊन बघितलं, यावेळी ठमीकडे न बघता कोपऱ्याकडे. माझा हात. चौपन्न वर्षांचा, शिरा वर आलेल्या, अंगठ्याला काउंटरचा घट्टा. करंगळी टुणकन हलली, खाली रेघेत उत्तर आलं. मनगट, उत्तर. अंगठा, उत्तर.

मधे स्टुलावर बसलेली मी अर्धी दिसते. माझं लक्षच नाही. मी ठमीकडे बघतेय.

६

आधी मी टोपीचा दोष धरला, मग तारांचा, मग माझ्या वयाचा. नसांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी सुया लावल्या, विजेचे झटके देऊन बघितले आणि म्हणाले, "नस ठणठणीत आहे. बधिरपणा मनाचा असेल. घरी काही ताण?"

"ताण कसला, एकटी तर असते," मी म्हटलं.

बधिरपणाची मला सवय झाली. कप निसटायचे, मी स्टीलचे आणले. गुंड्या डाव्या हातानं लावायला शिकले. खरं सांगायचं तर भीतीसुद्धा वाटत नव्हती. ती वाटायला हवी आणि वाटत नाहीये, एवढं मात्र कळत होतं.

दीडेक महिन्यानं बसमध्ये मी आधाराच्या दांड्याला हात लावला आणि बोटं मिटली. माझा थांबा आला, बोटं सुटेनात. मी ओढतेय आणि ती आणखीनच घट्ट. शेजारच्या बाईनं आणि मी मिळून एकेक बोट सोडवलं. "लहान मुलाच्या हातात केस सापडले की असंच होतं बघा," ती हसून म्हणाली. मीही हसले. घरी येऊन दार लावलं आणि तो हात उशीखाली दाबून बसले.

नंतरच्या रविवारी धाकट्याकडे गेले. ठमी सहा महिन्यांची झाली होती. सतरंजीवर पालथी, डाव्या कोपरावर रेललेली, उजवा हात पोटाखाली. तिच्यासमोर वहिनीनं लाल प्लास्टिकचा चमचा धरला होता. ठमीनं त्याच्याकडे टक लावून बघितलं आणि ती धापा टाकायला लागली, मुलांना काही हवं असलं की टाकतात तशा.

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत होते. माझा उजवा हात मांडीवरून उठला. डगमगत, थांबत, पाचही बोटं फाकवून चमच्याच्या दिशेनं गेला आणि हवेत मिटला.

"तुम्हाला हवाय, ताई?" वहिनीनं विचारलं.

ठमी खदाखदा हसली. मग माझा हात माझ्या तोंडाकडे यायला लागला. मी तो डाव्या हातानं धरला आणि त्याच्यावर बसले.

"ठमीचा हात कधी चालू होणार गं?" धाकटा म्हणाला. "तू म्हणालीस दीड-दोन महिने."

"होईल," मी म्हटलं. ज्या हातावर बसले होते तो खाली वळवळत होता.

७

आठवा महिना लागायला तीन आठवडे उरले होते. मी जे काही बघितलं होतं ते बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट सरळ होती. ठमीच्या हातात झटके नव्हते आणि मी लिहिलं होतं की आहेत. माझ्या त्या तेवीस टिकांवर विसंबून एका मुलीचा हात कायमचा जाणार होता. माझ्या भाचीचा. ज्या काळजाला धाकटा नावं ठेवायचा ते तेव्हा मला छातीत लागलं, चांगलं दुखेपर्यंत.

कामावर दुपारच्या सुट्टीत चिठ्ठी लिहायला बसले. 'एकेचाळीस नंबरच्या पत्रकातला उजव्या हाताचा आकडा मी पुठ्ठा काढून भरला. तो खोटा आहे.' डाव्या हातानं लिहीत होते, कागद सरकू नये म्हणून उजवा वर ठेवला होता. सही करायच्या वेळी उजवा हात मिटला. कागद चुरगळला. उघडला, परत मिटला. तो कुरकुर आवाज त्याला आवडला असावा. लहान मुलांना आवडतो. मी ओढून घेतला, तर अर्धा कागद हातातच राहिला.

दुसरी चिठ्ठी लिहिली. तीही गेली. तो मुद्दाम अडवत होता की नुसता खेळत होता, मला आजही सांगता येणार नाही.

तिसऱ्यांदा मी उजवा हात टेबलाच्या खणात घातला आणि गुडघ्यानं खण दाबून धरला. आत तो पेन्सिली चाचपडत होता. डाव्या हातानं लिहिलं, सही केली आणि तशीच जाऊन मोठ्या डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी वाचलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अकरा वर्षं," एवढंच म्हणाल्या. "उद्यापासून येऊ नका."

धाकट्याला मी स्वतः सांगितलं. तो "ताई, तू?" म्हणाला. मग उठून दुसऱ्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. वहिनी तेलाची वाटी हातात धरून तशीच उभी होती.

बारा दिवसांनी ठमीची शस्त्रक्रिया झाली. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी घरी खुर्चीत बसून होते. दहाच्या सुमाराला हात एकदा उघडला, मिटला आणि शांत झाला. त्यानंतर त्यानं कधीच काही धरलं नाही, काही मागितलं नाही. आपसूक हलला नाही आणि मी हलवायला गेले तरी हलला नाही. मला सुटका वाटायला हवी होती.

८

पाच महिन्यांनी मास्तर घरी आले. पत्ता शोधत आले होते, घामाघूम.

"तुमचा एकेचाळीस नंबर परत आणला होता. उजवा हात, नऊ. पुठ्ठा लावून मोजलेत, कठड्यावर कुणी नव्हतं. म्हटलं बाईंना कुणी सांगणार नाही, आपणच सांगावं."

मी त्यांना पाणी दिलं. 'देवा' म्हटलं बहुतेक.

मास्तर पाणी प्यायले नाहीत. "एक विचारू? त्या वयाच्या बाळाचा झटका कसा असतो? एक बोट, मग दुसरं कुठलं तरी बोट. काही ताळतंत्र नसतं."

"बरोबर."

"हिचे नऊच्या नऊ अंगठ्याचे." त्यांनी आपला हात पुढे केला, मूठ अर्धी मिटली आणि अंगठा तर्जनीच्या कडेवर दाबला. सोडला. दाबला. "असे. दर वेळी डाव्या पायाचा झटका झाला की लगेच. बाई, हे मूल कुणाचे झटके मोजतंय?"

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. तो मांडीवर पडला होता, जसा मी ठेवला होता तसा. अकरा वर्षांचा घट्टा अंगठ्यावर होताच. त्या महिन्यांत कितीदा तरी, सवयीनं, मी मनातल्या मनात ते बटण दाबलं होतं.

"तुमचे डोळे गेलेत, मास्तर," मी म्हटलं.

"गेलेच तर बरं," ते म्हणाले आणि उठले.

९

धाकटा आला तेव्हा ठमी सव्वा वर्षाची होती. तो आला यातच सगळं आलं. वहिनीनं ठमीला माझ्या पलंगावर बसवलं. ती अंगानं भरली होती. मला बघून तिनं आधी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"बघा, ताई," वहिनी म्हणाली. तिनं ठमीचा उजवा हात उचलला आणि तळव्याला ओठ लावले.

माझ्या तळव्याला ओलं लागलं. ऊब लागली. वर्षभर ज्या हाताला विस्तव आणि बर्फ एकच होता, त्याला वहिनीच्या ओठांवरची फाटलेली कातडीसुद्धा कळली. मी खाली बघितलं. माझा हात कोरडा होता.

मला रडू कोसळलं. त्या दोघांना वाटलं, पश्चात्तापानं रडतेय. धाकट्यानं पाठीवरून हात फिरवला. "झालं ते झालं गं. वेळेवर सांगितलंस हे काय कमी आहे?"

"हाताला अजून म्हणावं तसं वळण नाही," वहिनी डोळे पुसत म्हणाली. "कधी अगदी मोठ्या माणसासारखा काम करतो, कधी दिवस दिवस पडून असतो. हिच्या मनात असेल तेव्हा चालतो बघा."

जाताना ती जिन्यात दोन पायऱ्या उतरून थांबली. ठमी तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. उजवा हात वहिनीच्या पाठीवर लोंबत होता.

"आत्याला टाटा कर. कर ना, ठमे."

ठमीनं डावा हात हलवला. माणूस निघाला की आपण करतोच, त्यात विचार नसतो. मीही केलं, उजव्यानं.

ठमीचा उजवा हात वर आला. मनगटातून सरळ, छान, डावी-उजवीकडे हलायला लागला. ठमीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि तिचं हसू गेलं.

"अगं बाई! बघितलंत?" वहिनी किंचाळलीच. "दोन्ही हातांनी! पहिल्यांदा!"

धाकटा रडत होता, हसत होता. "ताई, अशी ठोंब्यासारखी काय उभी आहेस? तूपण हलव ना!"

मी हलवतच होते.